थंडीला सरकारदरबारी जागा कधी मिळाली?

मंडळी, पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. ज्यांना वेळ नाही त्यांनी निदान शेवटाकडचे फोन नंबर आणि गिझर-शेगडीबद्दल लिहिलंय तेवढं वाचून घरच्यांना सांगा.

डिसेंबर लागला की आपल्याकडे सकाळी सकाळी व्हॉट्सॲपवर एकच आकडा फिरतो, निफाडचा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला ते. २०१८ च्या डिसेंबरअखेर तो १.८ अंशांवर गेला होता आणि द्राक्षाच्या पानांवर गोठलेल्या दवाचे फोटो राज्यभर गेले होते. आपल्याला त्याचा जरा अभिमानही वाटतो, खोटं कशाला बोला. पण थंडी ही काही निफाडची मक्तेदारी नाही. पुण्यात १७ जानेवारी १९३५ ला १.७ अंशांची नोंद आहे. मुंबईत २२ जानेवारी १९६२ ला ७.४. म्हणजे आपल्या राज्यात कडाक्याची थंडी पडते, ती पूर्वीपासून पडते आणि मोजलीही जाते.

मोजली जाते, पण तिच्यापासून माणसाला वाचवायची जबाबदारी कुणाची, याचा इतिहास शोधायला गेलं की हाताला फार थोडं लागतं. दुष्काळावर आपल्याकडे कपाटं भरतील एवढी कागदपत्रं आहेत. पुरावर आहेत, भूकंपावर आहेत. थंडीचं मात्र तसं नाही. महाराष्ट्रात थंडी म्हणजे हुरडा, शेकोटी, गुळाचा चहा आणि महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाचे फोटो. थंडीने माणूस मरतो हे सरकारने कागदावर कधी मान्य केलं, आणि मान्य केल्यावर काय केलं, हे गेले काही दिवस मी शोधत होतो. त्यातून जे दिसलं ते मांडतो.

सुरुवात इंग्रजांपासून करावी लागते. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारने दुष्काळ आयोग नेमला, १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यातून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. दुष्काळी कामं, मजुरी, अशक्तांना शिधा, दरिद्रालयं असं सगळं त्यात नियमात बसवलं होतं. ते किती कंजूषपणे राबवलं हा वेगळा विषय. पण उपाशी माणसाला जगण्यापुरतं अन्न द्यायचं ही सरकारची जबाबदारी, एवढं तत्त्व तिथे मान्य झालं.

मग आला १८९६-९७ चा दुष्काळ. या वेळी सरकारी मदतीच्या जोडीला देशभर वर्गणी गोळा करून एक धर्मादाय दुष्काळ निधी उभारला गेला. त्या निधीचा पैसा कशावर खर्चायचा याची चार उद्दिष्टं ठरवून जाहीर केली होती. त्यातलं पहिलं बघा. सरकारी खर्चातून फक्त जगण्यापुरता शिधा मिळतो, त्यात वृद्ध, आजारी, मुलं अशांना थोडी जास्तीची मदत द्यायची, मग ती अन्नाची असो की कपड्याची. म्हणजे जगण्यापुरता शिधा हा सरकारचा भाग आणि अंगावरचं पांघरूण हे वरचं, दानाचं. ही वाटणी तेव्हा सोयीसाठी झाली असेल. पण सव्वाशे वर्षांनंतर आज आपल्या गावात बघा, तीच वाटणी चालू आहे. रेशन तहसीलमधून येतं. ब्लँकेट भाऊंच्या वाढदिवसाला येतं.

वाढदिवसाच्या ब्लँकेटची मी टिंगल करत नाही. ज्याच्या अंगावर ते पडतं त्याला त्या रात्री ते हवंच असतं. माझं म्हणणं एवढंच की भाऊंचा वाढदिवस एप्रिलमध्ये असला तर काय करायचं?

आपल्याकडे या दानाला फार मोठी परंपरा आहे आणि तिच्यात सगळ्यात उंच माणूस म्हणजे गाडगेबाबा. त्यांनी देवळं बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू. पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा बांधली, कारण वारीला आलेल्या दलित माणसाला तिथे पाठ टेकायला जागा मिळत नव्हती. पुढे ती वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. त्यांचा दशसूत्री संदेश बऱ्याच सरकारी कार्यालयांत भिंतीवर दिसतो. त्यात उघड्यांना वस्त्र आणि बेघरांना आसरा ही दोन कामं वेगवेगळी सांगितली आहेत. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पांघरूण आणि छप्पर या दोन निरनिराळ्या गरजा आहेत हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं, कारण तो स्वतः उघड्यावर झोपलेला होता. बाबा गेले २० डिसेंबर १९५६ ला, ऐन थंडीत. त्यांची पुण्यतिथी आपण साजरी करतो. सकाळी हातात झाडू, दुपारी ब्लँकेटवाटप. आसरा तेवढा राहतो.

का राहतो याचं एक कारण कायद्यातच आहे. नगरपरिषदा ज्या कायद्याने चालतात तो १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम. त्यात नगरपालिकेची कामं दोन गटांत आहेत, बंधनकारक आणि ऐच्छिक. दिवाबत्ती, गटारं, रस्ते झाडणं ही बंधनकारक. धर्मशाळा आणि निराधारांसाठी गृहं ही ऐच्छिक, बागा आणि वाचनालयांच्या रांगेत. पैसे उरले तर करा. आता आपल्या पालिकेत पैसे कधी उरतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण उघड्यावर झोपणाऱ्या माणसासाठी कायद्यात काहीच नव्हतं असंही नाही. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा होता, आजही आहे. त्यात भिकाऱ्याच्या व्याख्येत, उपजीविकेचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणारा किंवा थांबून राहणारा माणूसही बसवलाय, त्याने हात पसरलेला असो वा नसो, भीक मागूनच जगत असावा असं त्याच्या अवस्थेवरून दिसलं की पुरे. त्याला पकडून पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्यातली बरीच कलमं दिल्लीपुरती रद्द केली. ज्या राज्यात हा कायदा जन्मला त्या आपल्या राज्यात तो अजून आहे. म्हणजे फूटपाथवर कुडकुडणारा माणूस दिसला की त्याला छप्पर द्यायचं काम ऐच्छिक आणि त्याला उचलून न्यायची सोय मात्र कायद्यात पक्की.

इथे थोडं १९७२ बद्दल बोलायला हवं, कारण वेगळं करता येतं हे याच महाराष्ट्राने दाखवलंय. बाहत्तरच्या दुष्काळात सुकडी वाटली गेली, मिलो ज्वारी आली, हे आपल्या घरच्या जुन्या माणसांना आठवतं. पण त्या काळातलं मोठं काम म्हणजे रोजगार हमी. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग करून बघितला, पुढे ती राज्याची योजना झाली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला, तो आजही पगारपत्रकात कापला जातो. या कायद्याने मजुराला काय मिळालं? त्याला अर्ज करून सांगता येऊ लागलं की मला काम द्या, नाही दिलंत तर भत्ता द्या. मेहरबानी गेली आणि हक्क आला. पुढे देशाने हेच उचललं. पण हक्क आला तो कामाचा, आणि पुढे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्याचा. रात्रीच्या आसऱ्याचा विचार या सगळ्यात कुठेच आला नाही.

तो आला दिल्लीतून, आणि गंमत म्हणजे एका धान्याच्या खटल्यातून. २००१ मध्ये राजस्थानात दुष्काळ होता, माणसं उपाशी होती आणि सरकारी गोदामं धान्याने भरलेली होती. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने त्यावर सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. शाळेतली खिचडी आज सगळ्या पोरांना मिळते ती याच खटल्यातल्या आदेशांमुळे. न्यायालयाने आदेशांवर देखरेख ठेवायला आयुक्त नेमले होते, एन. सी. सक्सेना आणि हर्ष मंदर.

२००९ च्या डिसेंबरात, राष्ट्रकुल स्पर्धा तोंडावर आलेल्या असताना, दिल्ली महापालिकेने पुसा रोडच्या चौकातला बेघरांचा तात्पुरता निवारा पाडला. ऐन कडाक्यात शेकडो माणसं उघड्यावर आली, काही जण दगावल्याच्या बातम्या आल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आणि जानेवारी २०१० मध्ये आयुक्तांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून हा विषय अन्नाच्या खटल्यात आणला. वरवर बघता अन्नाचा आणि निवाऱ्याचा काय संबंध? पण विचार करा. पोटात अन्न असलं की शरीर त्यातून ऊब तयार करतं. उपाशी माणसाकडे जाळायला काही नसतं, म्हणून थंडी त्याला आधी गाठते. शवविच्छेदनात मात्र ना भूक सहज दिसते ना थंडी. न्यायालयाने त्याच महिन्यात दिल्ली सरकारला निवारे वाढवायला सांगितलं, मग हा विषय इतर राज्यांपर्यंत नेला आणि मोठ्या शहरांसाठी एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असं माप पुढे आलं. बारा महिने, चोवीस तास चालणारा निवारा.

२०१३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवाऱ्याची योजना घातली तेव्हा हेच माप वापरलं. लाखामागे किमान १०० माणसांची सोय. माणशी ५० चौरस फूट जागा. अंथरूण-पांघरूण, पाणी, संडास, स्वयंपाकाची सोय, शिवाय आधार आणि रेशनकार्ड काढून द्यायला मदत. पैसे आले, बऱ्याच राज्यांत ते नीट खर्चच झाले नाहीत. तेव्हा दुसऱ्या एका जुन्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमली आणि तिच्या अहवालानंतर राज्याराज्यांत देखरेख समित्या करायला लावल्या. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत आज जी निवारा केंद्रं दिसतात ती या सगळ्या रेट्यातून आलेली आहेत. कुणा नेत्याच्या मनात आलं म्हणून नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. या लाखाच्या मापाने छोट्या गावांचं मोठं नुकसान केलं. आपली लोकसंख्या लाखाच्या आत. निवाऱ्याचं विचारायला कुठल्याही कार्यालयात जा, पहिलं उत्तर ठरलेलं, ‘ते मोठ्या शहरांना आहे, आपल्याला लागू नाही.’ हे उत्तर मला इतक्या वेळा मिळालंय की आता पाठ झालंय. पण ते बरोबर नाही. हे अभियान सुरुवातीला लाखावरच्या शहरांना आणि जिल्ह्याच्या ठिकाणांना होतं हे खरं, पण २०१६ मध्ये ते सगळ्या वैधानिक शहरांना, म्हणजे नगरपरिषदा असलेल्या गावांनाही लागू केलं गेलं. आणि लाखाला शंभर हे प्रमाण आहे, ती काही अट नाही. साठ हजारांच्या गावाला साठ खाटा, तीस हजारांच्या गावाला तीस. योजनांची नावं आणि मुदती बदलत राहतात, एक संपते दुसरी येते. पण उघड्यावरचा माणूस हा शासनाची जबाबदारी आहे हे न्यायालयाने एकदा सांगितलंय, ते काही मुदतीने संपत नाही.

बेघर आपल्याकडे आहेतच कुठे, असंही काही जण म्हणतील. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत देशभरात बेघरांची मोजणी झाली. १७ लाख ७३ हजार भरले, त्यात महाराष्ट्रात दोन लाखांहून जास्त. आणि ही एका रात्रीची, दिसलेली माणसं. आपल्या गावातली बघायची असतील तर रात्री अकरानंतर एक चक्कर मारा. एसटी स्टँडचा मागचा कट्टा, बाजारतळाचे ओटे, बेकरीची भट्टीकडची भिंत, मारुतीच्या देवळाचा सभामंडप, एटीएमच्या खोलीचा उंबरठा. बेकरीची भिंत पहाटेपर्यंत कोमट असते, म्हणून तिथली जागा सगळ्यात आधी भरते.

तिथे झोपणाऱ्या एका म्हाताऱ्या हमालाला मी विचारलं, “बाबा, यंदा ब्लँकेट मिळालं का?” ते म्हणाले, “तीन मिळाली, दादा. ठेवू कुठं?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सकाळी झाडूवाले येतात, कट्टा मोकळा करावा लागतो. ब्लँकेट डोक्यावर घेऊन दिवसभर हमाली करता येत नाही. कुठे कोपऱ्यात ठेवलं तर संध्याकाळी नसतं. म्हणून दर वर्षी ब्लँकेट वाटली जातात आणि दर वर्षी तीच माणसं ब्लँकेटशिवाय दिसतात. लोकांना वाटतं विकून दारू प्याले. काही पीतही असतील, पण बहुतेकांची अडचण साधी आहे. पांघरूण ठेवायलाही छप्पर लागतं.

आता थंडीच्या मरणाची नोंद कशी होते ते सांगतो, कारण हा भाग रोज माझ्या हाताखालून जातो. हिवाळ्यात पोलीस ठाण्यातून येणाऱ्या बातम्यांत एक ठरलेला मजकूर असतो. अनोळखी इसम, वय अंदाजे ५५ ते ६०, अंगात मळकट शर्ट, अमुक ठिकाणी मृतावस्थेत आढळला, अकस्मात मृत्यूची नोंद, वारसांनी संपर्क साधावा. पूर्वी ती नोंद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायची, जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या १९४ खाली होते. एका कॉलममध्ये पाच ओळी. वीस वर्षं असल्या पाच ओळी मी लावतोय. त्यात मरणाच्या कारणापुढे ‘थंडी’ असं लिहिलेलं मला क्वचित दिसलंय. आजारपण, दारू, नैसर्गिक, हेच शब्द.

आणि नेमकं इथेच सगळं अडतं. केंद्र सरकारने शीतलहर आणि हिमतुषार यांना आपत्तीच्या मदतीसाठी पात्र यादीत घेतलं ते २०१२ मध्ये. त्याआधी चक्रीवादळ, पूर, गारपीट, दरड, इतकंच काय किडींचा हल्लाही त्या यादीत होता, थंडी नव्हती. आता आपत्तीत माणूस दगावला तर वारसांना चार लाखांची मदत मिळते, पण मृत्यू त्या आपत्तीनेच झाला असा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. थंडीच्या बाबतीत तो दाखला मिळवायचा कसा? आधी हवामान खात्याच्या व्याख्येत शीतलहर बसली पाहिजे. मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा खाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा जास्त घसरलेलं, किंवा मग थेट चार अंशांवर आलेलं. मग मृत्यूचं कारण थंडी असं डॉक्टरांनी लिहिलं पाहिजे. मग वारस सापडला पाहिजे. बेवारस माणसाच्या बाबतीत तिसरी अट पुरी होण्याचा प्रश्नच नाही, म्हणून पहिल्या दोन तपासायची तसदीही कुणी घेत नाही. शिवाय अकरा अंशांत पहाटेचा पाऊस पडून भिजलेला माणूस व्याख्येत शीतलहरीतला नसतोच. मरायला मात्र तेवढं पुरतं.

याच्या शेजारी केळीचा विमा ठेवून बघा. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत हिवाळ्यात सलग तीन दिवस पारा ८ अंशांवर किंवा त्याखाली राहिला की जळगावच्या केळीवाल्या शेतकऱ्याला भरपाई लागू होते. प्रत्येक घडाचा पंचनामा लागत नाही, मंडळातल्या हवामान केंद्राचा आकडा चालतो. हे शेतकऱ्याला मिळतं ते योग्यच आहे, आणि तेही वेळेवर मिळत नाही हेही मला माहीत आहे. पण तापमापकाच्या आकड्यावर मदत आपोआप सुरू होऊ शकते, एवढं तरी यातून सिद्ध होतं ना? मग पारा दहाच्या खाली आला की मंगल कार्यालयं, पालिकेची सभागृहं, शाळांचे व्हरांडे रात्री उघडायचे, असा आदेश काढायला काय हरकत आहे? राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०२१ मध्ये शीतलहरीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात कृती आराखडा करायला सांगितलंय. जिल्ह्याचा उष्णतेचा आराखडा मी पाहिलाय. थंडीचा मला अजून बघायला मिळायचाय.

ऊसतोडीवाल्यांचा विषय तर आणखी मोठा आहे. ऊस आणि थंडी यांचा हंगाम एकच. गार रात्रींनी उसात साखर चढते, उतारा वाढतो, म्हणजे थंडी कारखान्याच्या फायद्याची. तोडणारे मात्र उघड्या रानात कोपीत राहतात. बांबू, चटई, वरून प्लॅस्टिक किंवा ताडपत्री, खाली ओलसर जमीन. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, पहाटे अंधारात फडात, लहान पोर कोपीत आजीजवळ किंवा मोठ्या बहिणीजवळ. त्यांच्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झालं. कारखान्यांनी टनामागे १० रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचे असं ठरलं. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आली. पण कोपीला पर्याय काय, यावर अजून कुठे काही हलताना दिसत नाही. एक गोष्ट मात्र खरंच सुधारली. आता त्यांच्या गावच्या रेशनकार्डावर इथल्या दुकानात धान्य मिळतं. ज्या दुकानदारांना हे ‘माहीत नसतं’ त्यांना सांगा, आणि ज्यांच्या बांधावर कोपी पडल्यात त्यांनी त्या कुटुंबांना सांगा. बघा, इथेही तेच, धान्य माणसाबरोबर जिल्हा ओलांडून आलं, छप्पर आलं नाही.

निराधार योजनेचंही सांगून टाकतो, कारण इनबॉक्समध्ये विचारणा असते. संजय गांधी निराधार योजना १९८० पासून आहे, सध्या बहुतेकांना महिना १,५०० रुपये मिळतात. पण अर्जाला १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा लागतो. ज्याला घर नाही तो रहिवासाचा पुरावा कुठून आणणार? म्हणून निवारा केंद्र असणं महत्त्वाचं. तिथला पत्ता मिळाला की पुढचे कागद हलायला लागतात.

आता उपयोगाचं, नीट वाचा.

गॅस गिझर बंद बाथरूममध्ये लावलेला असेल तर आजच्या आज बाहेर काढा. नसेल जमत तर आधी बादली भरून घ्या, गिझर बंद करा, मग आंघोळीला आत जा. कोंडलेल्या जागेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तात प्राणवायूच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. माणसाला कळायच्या आत पायातलं बळ जातं, कडी काढायलाही हात वर होत नाही. कोळशाची शेगडी खोलीत ठेवून दार लावून झोपणं म्हणजे तेच. दर हिवाळ्यात राज्यात याने माणसं जातात.

दारूने थंडी पळत नाही. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटतं आणि आतली ऊब बाहेर निघून जाते. उघड्यावर पिऊन झोपलेला माणूस दिसला तर ‘पडलाय बेवडा’ म्हणून पुढे जाऊ नका. बोलणं अडखळतंय, कुडकुडणं थांबलंय, हाक मारली तर नीट ओ देत नाही, ही शरीर आतून गार पडल्याची लक्षणं आहेत. १०८ ला फोन करा, ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, जमिनीवरून उचलून काहीतरी खाली घाला. शुद्धीत असेल तर गरम गोड चहा चालेल. हातपाय जोरात चोळू नका, थेट आगीजवळ नेऊ नका.

रक्तदाब आणि हृदयाचा त्रास असलेल्यांनी पहाटेचं फिरणं ऊन पडल्यावर करा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, दाब वाढतो. गोळ्या चुकवू नका.

नंबर लिहून ठेवा. रुग्णवाहिका १०८. पोलीस आणि कोणतीही तातडी ११२. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७. उघड्यावर एकटं मूल दिसलं तर १०९८.

वाटप करणाऱ्या मंडळांना एक विनंती. पातळ ब्लँकेटच्या दोन गठ्ठ्यांऐवजी एक गठ्ठा ब्लँकेट आणि तेवढ्याच जाड चटया घ्या, निदान बारदान तरी. अंगातली ऊब खालची फरशी जास्त ओढून घेते. आणि वाटलेलं सामान दिवसा ठेवायला एखादा गाळा, एखादं कपाट मिळवून द्या. बाजारतळावरच्या दोन दुकानदारांनी तेवढी जागा द्यायची तयारी दाखवलीय. त्यांची नावं त्यांनीच टाकू नका म्हणून सांगितलंय.

मी या आठवड्यात पालिकेकडे माहितीचा अर्ज टाकतोय. प्रश्न चार आहेत. गावातल्या बेघरांची शेवटची मोजणी कधी झाली आणि किती भरले. निवाऱ्यासाठी गेल्या पाच वर्षांत प्रस्ताव पाठवला का, पाठवला असेल तर त्याचं काय झालं. पारा दहाच्या खाली गेल्यावर रात्री उघडता येतील अशा पालिकेच्या इमारती किती आहेत आणि चाव्या कुणाकडे असतात. गेल्या पाच हिवाळ्यांत पालिकेने किती बेवारस मृतदेहांवर अंत्यसंस्कार केले, महिन्यानुसार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पालिकेकडे नक्की असतं, कारण त्याचं बिल निघतं.

उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. आलं की कागद जसाच्या तसा इथे टाकतो. तोवर ज्यांना रात्री सोबत फिरायचंय, मोजणी आपणच करू, त्यांनी शनिवारी अकरा वाजता स्टँडच्या गेटवर या. स्वेटर घालून या, आणि कुणाचे फोटो काढायचे नाहीत.